वायफायचा ‘पॉइंट’ म्हणावं की ‘प्रवेशबिंदू’?

प्रश्न:
भाऊ घर बांधतोय, तळमजला अधिक दोन. स्लॅब झाले, आता वायरिंग सुरू होईल. वायरमनला द्यायची यादी मी मराठीत लिहून देतोय. ‘ॲक्सेस पॉइंट’ला काय लिहू? ‘प्रवेशबिंदू’ त्याला कळेल असं वाटत नाही. दुकानदार ‘बूस्टर’ म्हणतो, शेजारचे काका ‘रेंज वाढवायचं मशीन’ म्हणतात. ही सगळी एकाच वस्तूची नावं का?

उत्तर १:
नाही हो. याच गल्लतीपायी आमच्या घरी पैसे वाया गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘रेंज’. तोफेला पल्ला असतो, सावज टप्प्यात येतं. इंग्रजीतल्या या शब्दाला मराठीत असे दोन जुने शब्द आहेत. आपल्या बोलण्यातली ‘रेंज’ मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती येते, जाते, गच्चीवर गेलं की मिळते. फोनवर ज्या काड्या दिसतात तीच रेंज. मोबाइलच्या टॉवरपुरतं हे चालून जातं. घरातल्या वायफायला तोच शब्द लावला की फसगत होते, कारण काड्या फुल दिसल्या की नेट आहे असं आपण धरून चालतो.

आमचा राउटर तळमजल्यावर, टीव्हीच्या कपाटात. दुसऱ्या मजल्यावर बाबांच्या खोलीत काहीच पोचेना. दुकानदाराच्या सांगण्यावरून बूस्टर आणला आणि बाबांच्या उशाजवळच्या प्लगला लावला. लगेच काड्या फुल. बाबा खूश. संध्याकाळी नातवाला व्हिडिओ कॉल लावला तर त्याचा चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजला आणि आवाज गेला. रोज तेच. बाबांना वाटायचं, आपलंच काहीतरी बटण चुकतंय. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

त्या काड्या फोन आणि बूस्टर यांच्यामधल्या होत्या, आणि दोघांत अंतर हातभर. खालच्या राउटरकडून दोन स्लॅब पार करून जे जेमतेम पोचत होतं, तेवढंच बूस्टर पुढे देत होता. शिवाय अशी साधी वस्तू एकाच चॅनेलवर (लहरींच्या एकाच पट्ट्यावर) ऐकते आणि तेच पुन्हा बोलते, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. ‘बूस्टर’ म्हटलं की बळ वाढेल असं वाटतं, पण काम आहे निरोप्याचं. ‘रिपीटर’ हे तिचं नाव प्रामाणिक आहे.

ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायफाय सोडणारा डबा, आणि त्याला खालच्या राउटरकडून थेट वायर येते. मधले स्लॅब त्याच्या आड येत नाहीत. म्हणून माझं ठाम मत, ‘वायफायचा पॉइंट’ लिहा. लाइटचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, एसीचा पॉइंट, बेसिनच्या पाण्याचा पॉइंट. बांधकामावर हा शब्द ‘पॉइंट काढणे’, ‘पॉइंट ठेवणे’ अशा क्रियापदांसकट रुळला आहे आणि वायरमन मजुरीही पॉइंटवर मोजतो. तो शब्द ऐकला की जागा प्लॅस्टरच्या आधी ठरवायची आणि तिथवर भिंतीतून पाइप न्यायचा, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. ‘प्रवेशबिंदू’ ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे पाइप येणार?

उत्तर २:
मी हीच कामं करतो. ताईंचं बरोबर आहे, गिऱ्हाईक ‘पॉइंट’ म्हणालं की माझं अर्धं बोलणं वाचतं.

जागेबद्दल सांगतो. राउटरचा अँटेना उभा असेल तर लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात, आणि वड्याचं भोक नेमकं डोक्यावर येतं. म्हणजे राउटरच्या बरोबर वरची खोली सगळ्यात उपाशी. त्यात स्लॅबमध्ये सळयांची जाळी. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या लहरी त्यातून थोड्याफार जातात, ५ गिगाहर्ट्झवाल्या लवकर दमतात. म्हणून दर मजल्याला एक पॉइंट, खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये, छताला. पाण्याची टाकी, मोठा आरसा, लोखंडी कपाट यांच्या आडोशाला नको. छताला प्लग शोधू नका. पीओई घेतलं तर नेट आणि लाइट एकाच केबलमधून येतात. केबल कॅट-६ टाका, तिला १०० मीटरची मर्यादा आहे, घरात तेवढी लागत नाही. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तीन मजल्यांना बरोबर तीन.

तिन्हींना नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. आणि पॉवर फुल करू नका. लोकांना हे पटत नाही. पण पॉइंटची हाक फोनला लांबून ऐकू आली तरी फोनचा आवाज बारीक, त्याचं उत्तर परत पोचत नाही. शिवाय फोन खालच्याच मजल्याच्या पॉइंटला चिकटून बसतो, वर गेलात तरी सोडत नाही.

उत्तर ३:
यादीत ‘दुमजली’ लिहू नका. कुणी तळमजला धरतं, कुणी धरत नाही, आणि एक पॉइंट कमी पडतो. तसंच ‘वायफाय गेलं’ आणि ‘नेट गेलं’ घरात वेगळं बोलायची सवय लावा. बाहेरची लाइन तुटली तरी वायफाय चालूच असतं, आणि आपण उगाच पॉइंटला दोष देतो.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. ताई, बाबांचं वाचून आमच्या आजीची आठवण झाली; तिची खोली दुसऱ्या मजल्यावरच आहे. यादीत असं लिहिलंय, बघा:

‘वायफायचे पॉइंट: ३ (तळ, पहिला, दुसरा). पॅसेजच्या छताला. प्रत्येकाला जिन्याखालच्या पेटीपासून स्वतंत्र पाइप, कॅट-६ केबलसह. पेटीत लाइटचे दोन प्लग.’

उत्तर २:
पाइप लाइटच्या वायरपासून वेगळा, एवढं जोडा. आणि आत एक दोरी सोडून ठेवायला सांगा, पुढे केबल बदलायची वेळ आली तर भिंत फोडावी लागणार नाही.