गणिताच्या तासाला गेम घ्यायचाय, लॅपटॉप चारच. कोणी केलंय का?

घाटंजीकडचा_मास्तर
जिल्हा परिषद शाळा, माझ्याकडे सहावी-सातवी. ग्रामपंचायतीनं चार जुने लॅपटॉप दिलेत. नेट म्हणजे माझाच हॉटस्पॉट, तोही रेंज असली तर. घनफळाचं सूत्र पोट्ट्यांना तोंडपाठ आहे, पण या खोलीत कापूस किती मावेल विचारलं की सगळे गप्प. अन् हेच पोट्टे फ्री फायरचा नकाशा डोळे मिटून सांगतात! माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमची शाळांसाठीची आवृत्ती पाहिली, पण तिला मायक्रोसॉफ्टचं खातं आणि लायसन्स लागतं. दुसरं काही आहे का? पालक आत्ताच विचारतात, ‘मास्तर, तुम्ही बी गेमच शिकवता का आता?’

दारव्ह्याची_मॅडम
सर, लुआंटी बघा, माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं जग. 2024 पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. फुकट आहे. त्यावर चालणारा खेळ एकदाच उतरवून घ्या, मग नेट लागत नाही. त्यातला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर धरायचा.

मी शेततळं खोदायला लावलं, 15 बाय 15, खोली 3 मीटर. सूत्रानं 675 घनमीटर. पण सरळ भिंतीचं शेततळं आपल्याकडे कोणी खोदतं का? काठ ढासळेल. म्हणून प्रत्येक थराला चारी बाजूंनी एकेक ठोकळा आत यायचं ठरलं. वरचा थर 225, मधला 169, खालचा 121, एकूण 515. एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, 160 घनमीटर कुठं गेले?’ मग लॅपटॉप मिटले आणि उरलेला तास फळ्यावरच गेला. मला गेम हवा होता तो एवढ्यासाठीच. बेरीज बरोबर आली की फुगा फुटतो, असले गेम मी घेत नाही. त्यात गणित एकीकडे आणि खेळ दुसरीकडे राहतो.

एका लॅपटॉपवर तिघं बसवा. एक खोदणारा, एक मोजणारा, एक वहीत लिहिणारा. पाळी तुम्हीच बदला, नाहीतर माऊस पोरांच्या हातात आणि वही पोरींच्या. मी पहिली पाळी पोरींनाच देते. क्रिएटिव्ह मोड ठेवा, म्हणजे ठोकळे संपत नाहीत.

जीकॉम्प्री हा शैक्षणिक खेळांचा संचही फुकट आहे, पण तो दहा वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी. सातवीचे हसतील.

वणीचा_भौ
मी मास्तर नाही, बाप आहो. घरी पोट्टा मोबाइल सोडत नाही, आता शायेतबी तेच? शेततयं पाह्याचं तं बांधावर न्या ना लेकरायले!

दारव्ह्याची_मॅडम
भौ, कोरडं होतं तेव्हा टेप घेऊन नेलं होतं. पण प्लास्टिक अंथरलेल्या, पाण्यानं भरलेल्या शेततळ्यात पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तिथं मी वर्गभर लेकरं नेणार नाही. आणि आमचा गेम तास संपला की बंद होतो. घरच्या मोबाइलचं मात्र तुम्हालाच पाहावं लागंल.

अचलपूरचे_निवृत्त_गुरुजी
लॅपटॉप चार आहेत म्हणून अडू नका. 1971 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका शिकाऊ शिक्षकानं दोन मित्रांच्या मदतीनं इतिहासाच्या तासासाठी ‘ओरेगन ट्रेल’ हा बैलगाडीनं पश्चिमेकडे जायच्या प्रवासाचा गेम बनवला, तेव्हा वर्गात पडदासुद्धा नव्हता. टेलिटाइप यंत्र कागदावर छापायचं आणि पोरं ठरवायची की पैसे बैलांवर घालायचे, अन्नावर की गोळ्यांवर.

तसंच मी फळ्यावर पऱ्हाटीचा हंगाम खेळवायचो. प्रत्येक गटाला ठरावीक रक्कम, बियाणं-खत-फवारणीचा हिशेब वहीत, आणि फाशावर पाऊस. दडी मारली की दुबार पेरणी. बोंडअळीचा आकडा पडला की वर्गात असा गलका, की शेजारच्या वर्गातले मास्तर पाहायला यायचे. नफा-तोटा, शेकडेवारी सगळं त्यातच व्हायचं. कर्ज काढायचं की नाही यावर मात्र पोरं खरोखरच भांडायची. घरी ऐकलेलंच बोलत असणार.

घाटंजीकडचा_मास्तर
गुरुजी, पऱ्हाटीवाला उद्याच घेतो, त्याला लाईनही लागत नाही. मॅडम, लुआंटी 4 जीबी रॅमवर चालेल का? लॅपटॉप लई रडतात.

दारव्ह्याची_मॅडम
माझ्याकडे तेवढ्यावरच चालतं. सेटिंगमध्ये लांबचं दिसण्याचं अंतर कमी करा, शेततळ्यापुरतं दिसलं तरी पुरे. आणि आदल्या रात्री चारही चार्ज करून ठेवा, आमची लाईन नेमकी गणिताच्या तासालाच जाते.