दारणेत दगडाला चिकटलेला मासा सापडला, कोणता असेल?

दारणाकाठी
नाशिकजवळ देवळाली कॅम्पच्या बाजूला राहतो. आज सकाळी पोराला घेऊन दारणा नदीवर गेलो होतो, पाणी गुडघाभर आणि एकदम नितळ, तिथं एका दगडाला बोटभर मासा पोटाने चिकटून बसलेला, पाण्याला एवढी ओढ पण हा जागचा हलेना. बरणीत घेतला तर काचेलाच चिकटला आणि खालून बघितलं तर ओठाखाली गोल चकती. आमचे वडील असल्या सगळ्यांना मळ्याच म्हणायचे. पण देवळालीच्या नावाचा एक मासा आहे आणि तो संपत आलाय असं ऐकलेलं, खरंय का? पोरगं म्हणतंय घरच्या टँकमध्ये ठेवू. अजून बरणीतच आहे, फोटो काढलेत.

ओढ्यातली
दादा आधी मासा जिथून घेतला तिथंच सोडून या, बाकीचं नंतर वाचा. हा खळाळत्या पाण्यातला जीव आहे, टँकमधल्या साचलेल्या पाण्यात नाही टिकायचा.

आता नावाचं. हो, खरंय. पॅरासिलोरिंकस प्रेटरी, इंग्रजीत देवलाली मिनो म्हणतात. होरा आणि मिश्रा यांनी १९३८ साली देवळालीच्याच माशांवरून त्याचं वर्णन केलं, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांचं नाव दिलं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. महाराष्ट्राबाहेर कुठेच नाही, म्हणजे आपल्याकडून गेला की जगातूनच गेला, मला तर हे वाचलं तेव्हा झोप लागली नव्हती.

पण तुमचा तोच असेल असं नाही, मळ्यालाही चकती असते. मिशा बघा. मळ्याला दोन जोड्या, एक नाकाडाच्या टोकाला आणि एक तोंडाच्या कोपऱ्यात. पॅरासिलोरिंकसला नाकाडाचीच एक जोडी. त्यातही त्याचे भाऊबंद सह्याद्रीत आहेत, त्यामुळे फोटोवरून छातीठोक कोणी सांगणार नाही.

आणि मळ्या नाव साधं समजू नका. कर्नल साईक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर लिहिलं तेव्हा आपल्या लोकांची नावंच शास्त्रात घातली, मुल्या (म्हणजे आपला मळ्याच), कोलस, खुद्री, आजही तीच चालतात.

भोईवाडा
आम्ही पिढीजात मासेवाले. माझ्या आजोबांच्या फेकजाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, खडची, वाम, मरळ सगळं यायचं, आता जाळं ओढलं की चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया मासा), परत टाकलं की परत चिलापी. मळ्या आणि तुमचा हा मासा दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारे, त्यांना उघडा खडक आणि वाहतं पाणी पाहिजे. वाळू उपसली, बंधाऱ्यामागे गाळ बसला, तळाला सिमेंट ओतलं, की त्याने चिकटायचं कुठं आणि खायचं काय? नदी सुंदर करायची म्हणून तळाला काँक्रीट घालताना मी काठावर उभं राहून बघितलंय, त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. कोणाला सांगायला गेलो तर म्हणतात बारक्या माशाला बाजारात भाव काय.

आणि भाऊ, घरचे गप्पी, सकर, मांगूर कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका रे. परदेशी मांगूरला तर बंदीच आहे.

वैतरणा_उगम
बारक्या माशासाठी जागा राखून ठेवल्याचं उदाहरण आहे की. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक छोटा मासा मिळाला, २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी म्हणून नवीन प्रजाती जाहीर झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. फक्त २.११ हेक्टर, पण तिथला तो मासा वाचला तर तेवढ्यानेच वाचेल. आणि वाड्याजवळ तिळशाला देवळापाशी लोक वैतरणेतल्या मोठ्या माशांना हातच लावत नाहीत, देवाचे मासे म्हणतात. वैतरणा आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरातून निघते, मग दारणेवर का नाही जमणार?

प्रत्येक गावची लोक जैवविविधता नोंदवही असते, काठच्या ग्रामपंचायतीत विचारा त्यात मासे लिहिलेत का. फक्त नेमकी जागा इथे उघड टाकू नका, अ‍ॅक्वेरियमसाठी पकडणारे पण वाचतात.

दारणाकाठी
सोडून आलो. पोरगं थोडं रडलं, पण बरणी पाण्यात आडवी धरल्यावर तो सरळ त्याच दगडाखाली गेला आणि चिकटला, ते बघून गप्प झालं. फोटोत मिशांची एकच जोडी दिसतेय पण तोंडाचा कोपरा सावलीत आलाय. ताई तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतो. नोंदवहीचं सोमवारी ग्रामसेवकांना विचारतो, आणि भोईवाडा दादा, जमलं तर तुम्ही पण या सोबत, जुनी नावं तुम्हालाच माहीत.