मदत हवी आहे : सोयाबीनचा उग्र वास गेला, कडवटपणा जात नाही

सोयादुधासाठी चवीचं वाण तयार करतोय. उग्र वास आणणारं लॉक्स-२ एन्झाइम नसलेला दाता (ज्याचा गुण घ्यायचा ते वाण) आणि चांगलं उत्पन्न देणारं वाण यांचा संकर केला. एफ-२ मध्ये (संकराच्या दुसऱ्या पिढीत) अर्धा दाणा कापून मिथिलीन ब्लू चाचणी घेतली. ज्यांचा निळा रंग टिकला, म्हणजे ज्यांत लॉक्स-२ नाही, त्यांचे अंकुराकडचे अर्धे दाणे पेरले. गुण अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसणारा) असल्यामुळे निवड तिथेच पक्की झाली. आता एफ-४ चं बी हातात आहे.

दुधाला कच्च्या शेंगेचा वास येत नाही, पण घोट घेतल्यावर जिभेच्या मागे कडवट-तुरट चव रेंगाळते. उकळत्या पाण्यात दळून पाहिलं, फरक शून्य. दाण्याचा कोंब काढून दळलं तेव्हा मात्र बरीच कमी झाली, म्हणून संशय अ-गटातल्या सॅपोनिनवर (दाण्यातलं कडवट-तुरट, फेसाळणारं द्रव्य) आहे. आयसोफ्लेवोन हे दुसरं कडवट-तुरट द्रव्यही कोंबातच जास्त, त्यामुळे नेमका दोष कोणाचा ते कळत नाही, तिथेच घोडं अडलंय.

एचपीएलसी (द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) मिळणार नाही, साधी टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवर द्रव्यं वेगळी करून पाहण्याची पद्धत) जमेल. एका झाडाचं बी जेमतेम २५ ग्रॅम, त्यातलं निम्मं पेरणीला लागतं. (साखर घालून प्या, हा सल्ला मिळून झालाय.)

तर टीएलसीवर अ-गटाचे सॅपोनिन नसलेली झाडं आत्ताच वेगळी काढता येतील का, की एफ-५ च्या ओळी होईपर्यंत थांबून चवीवरच निवड करू?