"ट्रेनिंग फुकट आहे, मग रडता कशाला?" या पोस्टला उत्तर

मराठवाडा_मेडिसिन
काल एका डॉक्टरसाहेबांनी इथे लिहिलं : "बीसीबीआर (संशोधन-पद्धतीचा बेसिक कोर्स) ऑनलाइन, जीसीपी (माणसांवरच्या औषध-चाचण्यांचे नियम) ऑनलाइन, सगळं फुकट. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या लोकांना शिकायचंच नसतं, म्हणून संधी नाही अशी ओरड." राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बीसीबीआर मी केलाय. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा (आयसीएमआर-एनआयई) अभ्यासक्रम नीट बांधलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पीजीला तो सक्तीचा, आणि २०२२च्या नियमांनंतर असोसिएट प्रोफेसर व्हायलाही लागतो. म्हणजे सर्टिफिकेट प्रत्येकाकडे आहे. तरी एथिक्स कमिटीपुढे येणारे प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचे आराखडे, काय असतात? प्रायमरी आउटकम, म्हणजे मोजायची मुख्य गोष्ट, एकाऐवजी तीन-तीन; सॅम्पल साइजच्या (किती पेशंट घ्यायचे त्या) रकान्यात आकड्याऐवजी "सोयीनुसार". व्हिडिओ बघून परीक्षा पास होता येतं. पण माझा विषय सर्पदंशाचा, माझे पेशंट चोवीस तासांत डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन जातात, तर फॉलोअप कसा ठरवू, हे त्या व्हिडिओला विचारता येत नाही.

टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडची क्रेडो कार्यशाळा लोणावळ्याला होते. आपला कच्चा प्रोटोकॉल घेऊन जायचं, तज्ज्ञांसोबत मुक्कामी बसायचं आणि तो पुरा करूनच उठायचं. ती कॅन्सरवाल्यांसाठी. तसं काही मेडिसिनला, बालरोगाला, नांदेड-अकोल्याला का नाही, एवढंच मी विचारतेय.

पुणेकर_ट्रायल
ती पोस्ट माझीच, आणि मी शब्द मागे घेत नाही. आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जीसीपीची नवी आवृत्ती, आर-थ्री, जानेवारी २०२५मध्ये आली, वेबसाइटवर फुकट आहे. किती जणांनी उघडली? १५ जून २००९पर्यंत सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणीसुद्धा सक्तीची नव्हती. आम्ही त्या काळात नाइट ड्यूटीत झेरॉक्स वाचून शिकलो. लोणावळा दारात आणून द्या म्हणणं सोपं आहे.

जेआर२_विदर्भ
सर, तुमच्या नाइटला किती अ‍ॅडमिशन असायच्या माहीत नाही. आमच्याकडे युनिटला रेसिडेंट कमी, इमर्जन्सी संपत नाही. मुंबईच्या एका वर्कशॉपला नाव लागलं होतं, फी भरली होती. रजेचा अर्ज एचओडींच्या टेबलावर पडून राहिला आणि वर्कशॉप होऊन गेलं. फी परत मिळाली नाही.

आकडेमोड_लातूर
मी स्टॅटिस्टिशियन. तुमची चर्चा वाचून हसावं की रडावं कळेना. थिसिस जमा करायच्या आठवड्यात माझ्याकडे पेशंटच्या माहितीची शीट येते. लिंगाच्या रकान्यात एम, मेल, पु. आणि एका ठिकाणी नुसता १. हिमोग्लोबिनच्या रकान्यात "११ ग्रॅम", खाली "एनएडी" (काही दोष नाही), त्याखाली "रिपोर्ट हरवला". वर निरोप : "सर, पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली आली पाहिजे, गाईड म्हणालेत." म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं दिसायलाच हवं, डेटा काहीही म्हणो. बीसीबीआर झालेल्या मुलाचा हा निरोप! गाईडने शीट एकदा तरी उघडून बघितली असेल का?

जुना_गाईड
गाईडवर घसरायचं कारण नाही. दोनशेची ओपीडी, लेक्चर, एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) आधारबेस्ड हजेरी, कोर्टाच्या तारखा. थिसिस कधी वाचायचा? आणि तुम्ही लोक शीट न बघता पैसे घेऊन रिझल्टचं चॅप्टर लिहून देता, त्याचं काय? बाजार मांडलाय तो तुम्ही.

आकडेमोड_लातूर
तोंड सांभाळून बोला. मी चॅप्टर लिहीत नाही, टेबलं देतो. लिहून देणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण गिऱ्हाईक कोण पाठवतं त्यांच्याकडे? सही कुणाची असते थिसिसवर?

जेआर२_विदर्भ
माझ्या सीनियरने तर अख्खा थिसिस विकत घेतला. गाईडना माहीत होतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यावर एकही प्रश्न आला नाही.

जुना_गाईड
सगळ्या गाईडांना एका माळेत ओवू नका. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे केस पेपर स्वतः काढून तपासतो. उशिरा तपासतो, हे मान्य. डेटा गोळा झाल्यावर बघून उपयोग नसतो, हेही मान्य. पुढे बोलू नका.

स्टडी_नर्स_ताई
तुम्ही डॉक्टर-डॉक्टर भांडताय. कन्सेंट घेतं कोण? मी घेते. नवीन रेणूच्या, म्हणजे नव्या औषधाच्या, ट्रायलमध्ये व्हल्नरेबल (सहज दबावाखाली येईल असा) पेशंट असला की कन्सेंटचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं. कॅमेऱ्यासमोर म्हातारीला "यदृच्छीकरण" वाचून दाखवायचं, म्हणजे कुणाला कोणतं औषध ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ती विचारते, "बाई, मंग मला खरं औषिद मिळंल का नाय?" याचं खरं उत्तर तिला घाबरवून न सोडता कसं द्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. आमचं ट्रेनिंग म्हणजे झूमवर अर्धा दिवस, शेवटी लॉगवर सही. सेमिनारच्या पत्रकात आमच्यासाठी जागाच नसते.

पुणेकर_ट्रायल
ताई, तुमचं म्हणणं पटलं. बाकीच्यांचं नाही. साधनं नसताना काम होत नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोली बघावी. बंग दांपत्याने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली, शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली, १९९९मध्ये लॅन्सेटला छापून आलं. गावातल्या बायकांना त्यांनीच शिकवलं.

मराठवाडा_मेडिसिन
हे उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. ते दोघं आधी जॉन्स हॉपकिन्सला जाऊन एमपीएच करून आले होते. शिक्षकांसमोर बसून शिकले, मग गडचिरोलीला गेले. आणि त्या गावातल्या बायकांनाही कुणी लिंक पाठवली नव्हती. हाताला धरून शिकवलं, पुन्हा पुन्हा जाऊन काम तपासलं.

पुणेकर_ट्रायल
ठीक. समोर बसून शिकवणारा माणूस लागतो, एवढं मान्य. पण ऑनलाइनला नावं ठेवणं मला अजूनही पटत नाही. ते नसतं तर अर्ध्या लोकांना कंट्रोल ग्रुप (तुलनेचा गट) म्हणजे काय हेही कळलं नसतं.

आकडेमोड_लातूर
माझ्यापुरतं सांगतो. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी विद्यार्थी आणि गाईड दोघं एकत्र आले, तर मी फी घेणार नाही. एकटा विद्यार्थी आला तर परत पाठवीन.

जुना_गाईड
मी येईन. ओपीडी उरकल्यावर, तीननंतर.

जेआर२_विदर्भ
सर, तीनला आमचा राउंड असतो. त्या दिवसापुरतं रिलीव्ह करायचं पत्र आधी तुम्हीच काढा.