मदत हवी आहे: कुडूचं (आफ्रिकेतलं हरणासारखं जनावर) मटण स्लो कुकरमध्ये कोरडं पडलंय (अर्जंट)

जकारांडा
लोकहो पटकन सांगा. सकाळी स्लो कुकर लावून ऑफिसला गेले, आत्ता येऊन झाकण काढलं तर मटणाचा चोथा. म्हणजे शिजलंय पण ठणठणीत कोरडं, दातात अडकतंय, आणि रस्सा नुसता पाणी. मसाले सगळे इकडचे घातलेत, धणे, लवंग, तमालपत्र, सुके जर्दाळू, रेड वाइन. मला इकडचीच चव हवी आहे, मालवणी रस्सा प्लीज सुचवू नका, तो येतो मला. उद्या रात्री लोक जेवायला आहेत. काय करू?

खडूस खवय्या
इकडची म्हणजे कुठली? कुठला भाग घेतलाय, मांडी की खांदा? कुकर लो वर की हाय वर? पाणी किती? माहिती द्यायची नाही आणि अर्जंट म्हणायचं.

जकारांडा
प्रिटोरिया, दक्षिण आफ्रिका. हाय वर होता. पाणी भांडं भरेपर्यंत, नेहमी घालतो तसं. भाग माहीत नाही, पाकिटावर सिल्व्हरसाइड लिहिलंय.

झील मालवणचो
मालवणी नको म्हणालात तरी सांगतो, कच्ची पपई वाटून लावा रात्रभर, कुठलंही जनावर असो लोण्यासारखं होतं. आणि वर थोडं तिरफळ.

डर्बनवाला
पपई लावून दिवसभर शिजवलं तर बाहेरून लगदा आणि आतून तसंच, नका लावू. ताई, सिल्व्हरसाइड म्हणजे मागची मांडी, त्यात चरबी जवळजवळ नाहीच, इकडे लोक ती बिल्टाँगला, म्हणजे सुकवलेल्या खारवलेल्या मांसाला वापरतात. हळूहळू शिजवायला मान, नळ्या, शेपूट असलं काहीतरी लागतं, त्यातल्या शिरा आणि पडदे विरघळून रस्सा चिकट होतो. मांडीत विरघळायला काही नाही म्हणून जितका वेळ ठेवाल तितकी कोरडी. दुसरं पाकीट आहे का?

जकारांडा
आहेत अजून दोन. शेजारी शिकारीला जातात, त्यांनीच दिलंय आणि उद्या तेच जेवायला येणार आहेत. एकावर नेक लिहिलंय पण त्यात हाडंच हाडं दिसतात म्हणून नाही घेतलं.

डर्बनवाला
अहो तेच तर घ्यायचं!!

नियमावली
हरणाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अॅडमिननी लक्ष घालावं.

खडूस खवय्या
तो कायदा भारतातला. तिकडे सीझनमध्ये शेतमालक रीतसर शिकार करू देतात, मांस दुकानात मिळतं. आणि कुडू हरीण नव्हेच. हरणाची शिंगं दर वर्षी गळतात, कुडूची आयुष्यभर तीच. सहाराच्या दक्षिणेला मूळचं खरं हरीणच नाही. कुडू जवळचा नीलगायीला.

झील मालवणचो
म्हणजे गाईच्या कुळातला? मग बीफच झालं की हे :)

शिट्टीमास्टर
एवढं रामायण कशाला, प्रेशर कुकरला पाच-सहा शिट्ट्या, विषय संपला.

डर्बनवाला
शिट्ट्यांनी मऊ होतं, कबूल, पण ताईंना पोइकीची चव हवी आहे. पोइकी म्हणजे तीन पायांचं बिडाचं भांडं, खाली निखारे, तळाला मटण, वर बटाटा गाजर, सगळ्यात वर नाजूक भाज्या, आणि शेवटपर्यंत ढवळायचं नाही. हा ढवळण्याचा नियम इकडे लोक मुंजीतल्या सोवळ्यासारखा पाळतात. पाणी अगदी कमी, भाज्यांच्या रसात आणि वाफेत शिजतं. स्लो कुकरचंही तसंच, वाफ बाहेर जात नाही म्हणून भांडं भरून पाणी घातलं की सूपच होणार.

शिट्टीमास्टर
मी कुठे म्हणालो ढवळा?

अदिसअबाबा
मी इथिओपियात राहून आलोय, आफ्रिकन चव म्हणाल तर तिथल्या बर्बेरे मसाल्याला तोड नाही. मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, सगळं आपल्या ओळखीचं. कांदा आधी तेलातुपाशिवाय कोरडाच परतायचा, चांगला वेळ, मग त्यांचं मसाल्याचं तूप. कुडूचं बघा करून.

डर्बनवाला
अदिस अबाबा ते प्रिटोरिया म्हणजे पुणे ते दुबईपेक्षाही लांब. ताईंचे शेजारी बर्बेरे खाऊन म्हणतील करी केलीये. त्यांना केपची (केप टाउनकडची) चव द्या, जर्दाळू, चिंच, तमालपत्र, लवंग. डचांनी जावा आणि आपल्या किनाऱ्यांवरून गुलाम करून नेलेल्या माणसांनी केपमध्ये बसवलेलं स्वयंपाकघर आहे ते, चिंच उगाच नाही त्यात.

गडकोट
अवांतर: इथिओपियावरून आठवलं, निजामशाहीचा मलिक अंबर तिथलाच. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतलेच.

खडूस खवय्या
अवांतर पुरे. @जकारांडा, आणखी काय काय घातलंय? नीट यादी द्या.

जकारांडा
सांगितलं ना. कांदा, गाजर. आणि मूठभर शुगर बीन्स, त्या पण कचकच लागतात.

खडूस खवय्या
भिजवून, उकळून घातल्या होत्या का??

जकारांडा
नाही, कोरड्याच, दिवसभर शिजणारच आहेत म्हटलं.

खडूस खवय्या
तो रस्सा कोणाला देऊ नका, तुम्हीही आणखी खाऊ नका. शुगर बीन्स म्हणजे राजम्याचीच जात. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, नीट उकळलं नाही तर काही तासांत उलट्या जुलाब. स्लो कुकर बऱ्याचदा उकळीपर्यंत जातच नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळाखळा उकळा, मी अर्धा तास उकळतो, मगच कुकरमध्ये. वाइन, जर्दाळू असलं आंबट असेल तर बीन्स आणखी वेळ घेतात, म्हणून वेगळ्या पूर्ण शिजवून शेवटी घाला.

जकारांडा
बापरे. दोनच घास खाल्लेत. ओतून टाकते सगळं.

डर्बनवाला
बरं आता ऐका. मान आज रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, गोठलेली कुकरमध्ये टाकू नका, फार वेळ कोमट राहते. सकाळपर्यंत नाही सुटली तर पिशवीसकट गार पाण्यात. ऑफिसच्या आधी तुकडे पुसून कोरडे करा, बिडाच्या तव्यावर चांगले लाल करा, गर्दी करू नका नाहीतर पाणी सुटतं. शेजारी पोर्क खात असतील तर बेकनचे तुकडे आधी परतून त्याच चरबीत. मग कांदा, जाडसर कुटलेले धणे, लवंग, मिरी, तमालपत्र. वाइन अर्धा कप, तव्यातच आटवा. गाजर तळाला, वर मटण, पाणी मटणाच्या निम्म्यापर्यंत. लो वर आठ तास, सारखं झाकण उघडून बघू नका. जर्दाळू आणि चिंचेचा कोळ शेवटच्या तासाला. हाडापासून मटण आपोआप सुटलं की झालं.

शिट्टीमास्टर
किंवा सहा शिट्ट्या.

जकारांडा
थँक्यू. बेकन चालतं त्यांना. मान आत्ताच काढून ठेवते. बरोबर पाप (इकडची मक्याच्या पिठाची उकड) करू की भात?

झील मालवणचो
वडे करा.

नवी सून
ताई तुमचा स्लो कुकर कुठल्या कंपनीचा आहे? मला घ्यायचाय, पुण्यात मिळेल का? आम्ही शाकाहारी आहोत.