सोसायटी ग्रुप: दोन स्विचमधल्या जादा केबलचं कोटेशन

सचिव, ए-१०१: नमस्कार मंडळी. बी विंगचे कॅमेरे रात्री अडकतात, ही तक्रार परत आली आहे. कॅमेरेवाल्यांनी कोटेशन दिलंय. ए आणि बी विंगच्या स्विचमध्ये (कॅमेऱ्यांच्या केबल जिथे जोडतात ते नेटवर्कचे डबे) आज एक केबल आहे, तिथे अजून तीन टाकायच्या आणि दोन्ही स्विच नवे घ्यायचे. स्पीड चौपट होईल म्हणतात. हरकत असेल तर उद्यापर्यंत कळवा.

ए-३०४: करून टाका की काका. पार्किंगमधून पेट्रोल काढलं तेव्हा नेमकं तेवढंच फुटेज नव्हतं.

बी-२०३: काका, सहीची घाई करू नका. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केबल एकत्र बांधता येतात, हे खरं. त्याला लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात. २००० साली ८०२.३एडी नावाने त्याचं स्टँडर्ड आलं, २००८ पासून ते ८०२.१एएक्स आहे. पण गिगाबिटच्या (म्हणजे १००० एमबीपीएस स्पीडच्या) चार केबल बांधल्या म्हणून ४ गिगाबिटची एक जाड केबल होत नाही. एका कॅमेऱ्याचं एनव्हीआरशी (फुटेज साठवणारा रेकॉर्डर) जे बोलणं चालतं, त्याची सगळी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, एकाच केबलवरून जातात. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण चारही केबलवर विखुरली तर मागचं पॅकेट पुढे पोहोचून क्रम बिघडेल. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, त्यांच्या पत्त्यांवरून स्विच हिशोब करतो आणि केबल ठरवतो. जोडी तीच, तर केबलही तीच.

बी-४०१: म्हणजे पुण्याला एकाऐवजी चार एसटी सोडल्या तर माणसं जास्त जातील, पण मी काही लवकर पोहोचणार नाही. असंच ना रे?

बी-२०३: अगदी तसंच, काकू. आणि माणसं चारही गाड्यांत सारखी बसतीलच असं नाही. तो पत्त्यांचा हिशोब कधी दहा कॅमेरे एका केबलवर टाकतो आणि दुसरीवर दोनच. काही स्विच फक्त घेणाऱ्याचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बघतात. आपल्याकडे घेणारा एकच, एनव्हीआर. तसं सेटिंग राहिलं तर सगळे कॅमेरे एकाच केबलवर आणि बाकीच्या तीन रिकाम्या.

शिवाय एनव्हीआरला स्वतःला गिगाबिटचा एकच पोर्ट (केबल खोचायची जागा) आहे. मधे चार केबल टाकल्या तरी शेवटी सगळं त्या एका पोर्टातूनच आत जाणार.

ए-३०४: मग रात्री अडकतं कशामुळे?

बी-२०३: काल वॉचमनदादांकडून चावी घेऊन बी विंगचा रॅक उघडला. स्विचच्या सेटिंगच्या पेजवर पोर्ट २४ समोर १०० एमबीपीएस दिसतंय. ए विंगकडे जाणारी केबल तीच. स्विच गिगाबिटचा, केबल कॅट-६ म्हणजे गिगाबिट झेपणारी, तरी १००. प्लग हातात घेतला तर तपकिरी जोडीतली एक तार प्लगच्या बाहेरच राहिलेली. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. म्हणून लिंक चालू दिसते, हिरवा दिवाही लागतो, आणि कोणाला शंका येत नाही.

आता हिशोब बघा. बी विंगला २० कॅमेरे, प्रत्येकाला ६ एमबीपीएसची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त १२० एमबीपीएस. दिवसा चित्र स्वच्छ असतं तेव्हा त्याहून बरंच कमी लागतं. रात्री अंधारात चित्रात कण येतात, कॅमेऱ्याला ती हालचाल वाटते आणि डेटा वाढतो. १०० च्या केबलमधून ते जाणार कसं? तीच केबल नीट गिगाबिटवर चालली तर १२० म्हणजे काहीच नाही.

ए-२०२: यानं आमच्या घरचं नेट फास्ट होईल का?

बी-२०३: नाही ताई, ती लाइन वेगळी आहे.

सचिव, ए-१०१: मग दुसरी केबल टाकायचीच नाही म्हणता?

बी-२०३: टाकू की, पण स्पीडसाठी नाही. एक तुटली तर दुसरीवर काम चालू राहावं यासाठी. त्यात दोन गोष्टी बघायच्या. दोन्ही स्विचवर एलएसीपी (केबल एकत्र बांधायचं स्विचनी आपसात ठरवायची पद्धत) लावलेलं हवं, आणि निदान एका बाजूला तरी ते अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये. दोन्हीकडे पॅसिव्ह ठेवलं तर दोघंही वाट बघत बसतात. एलएसीपी न लावता नुसती दुसरी केबल खोचली तर लूप होतो, म्हणजे तीच पॅकेट गोल गोल फिरत राहतात. स्पॅनिंग ट्री (स्विचमधली लूप रोखणारी सोय) चालू असेल तर स्विच त्यातली एक केबल बंद ठेवतो, नसेल तर सगळं नेटवर्कच झोपतं. दुसरं, दोन्ही केबल एकाच पाइपमधून नेऊ नका. जेसीबीनं खणलं की दोन्ही एकदम जातील.

मला विचाराल तर दोन इमारतींमध्ये फायबर बरं. मे महिन्यात वळवाच्या पावसात विजा कशा कडाडतात ते आपण बघतोच. तांब्याच्या तारेतून तो झटका दोन्हीकडच्या स्विचपर्यंत पोहोचतो. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. तांब्याच्या केबलला असते ती १०० मीटर लांबीच्या मर्यादेची अडचणही राहत नाही.

बी-४०१: काका, आधी तो प्लग बदलून घ्या बाई. नवे स्विच नंतर बघू.

सचिव, ए-१०१: ठीक. उद्या सकाळी प्लग बदलायला माणूस बोलावतो. बी-२०३, तुम्ही तिथे थांबाल का? कॅमेरेवाल्यांना कोटेशन परत पाठवतो आणि फायबरचा वेगळा दर मागवतो.

बी-२०३: थांबतो काका. पोर्ट २४ समोर १००० दिसल्याशिवाय त्याला पैसे देऊ नका. रात्री अकराला परत लोड बघून इथे फोटो टाकतो.