कोर्लई, नवगाव, जंजिरा: पर्यटकाने वस्तीत शिरावं की किनाऱ्यावरूनच परतावं?

कुंडलिकाकाठ (धागाकर्ता)

सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवायची, मांडव्याला उतरायचं, काशिदच्या वाळूत दोन दिवस काढायचे आणि परत. अलिबाग म्हणजे एवढंच, असं पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत आता पक्कं झालंय. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा.

मांडवा ते मुरूड हा सत्तरेक किलोमीटरचा पट्टा. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू समाज, परंपरेने सांगतो की त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथे फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना पुरलं ते दोन उंचवटे आजही दाखवतात, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागलं. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमचे केहिमकर. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८४८ सालचं.

तिथून खाली चौल-रेवदंडा. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौललाच उतरला होता. पुढे पोर्तुगीज आले ते १७४० पर्यंत राहिले, मग मराठ्यांकडे आलं. खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. सत्ता गेली, पण पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून उपजलेली बोली अजून घराघरांत चालते. शब्द बरेचसे तिकडचे, पण क्रियापद आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. त्याहून खाली राजपुरी आणि जंजिरा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचं राज्य, जे १९४८ मध्ये विलीन झालं. आणि सगळ्या किनाऱ्यावर कोळी, आगरी, भंडारी, माळी.

माझं म्हणणं सरळ आहे. या वस्त्यांमध्ये गेल्याशिवाय हा किनारा बघितला असं म्हणू नये. वाचून जा, विचारून आत शिरा, गावात जेवा, गावात राहा. तुमचं काय मत?

खडपावरची

पूर्ण असहमत. माझं सासर कोर्लईजवळ आहे, त्यामुळे काय होतं ते डोळ्यासमोर आहे. ओट्यावर एक आजी बोंबील सोलत बसलेली असते. चारपाच जणांचा घोळका येतो. त्यातला एक मोबाईल तिच्या तोंडापुढे धरतो, 'आजी, पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोला ना.' तिने दोन शब्द बोलले की हशा, व्हिडिओ आणि घोळका पुढे. ती परत बोंबील उचलते. तिला कोणी नाव विचारलेलं नसतं, मासळी कुठून आली ते विचारलेलं नसतं.

ही बोली बोलणारी माणसं हजाराच्या आत आहेत. एवढ्याशा वस्तीवर दर शनिवार-रविवारी अनोळखी माणसं सोडायची आणि त्याला संस्कृती बघणं म्हणायचं, हे मला पटत नाही. किल्ला बघा, दीपगृह बघा. त्यासाठीच ते उभं आहे. माणसाचं घर त्यासाठी नसतं.

कुंडलिकाकाठ

तुम्ही सांगता तो प्रकार वाईटच आहे, त्याला माझा पाठिंबा नाही. पण पर्यटक न आल्याने ती बोली टिकते का? शाळा मराठीतून, बाजार मराठीतून, नोकरीला मुंबईत हिंदी-इंग्रजी. गावातल्या पोराला सतत हेच कळत राहतं की आपल्या घरात बोलतात त्याला बाहेर किंमत नाही. बाहेरच्या कोणी मान देऊन विचारलं, पूर्ण ऐकून घेतलं, तर त्या पोराच्या मनात काहीच बदलत नाही असं तुम्हाला वाटतं? आमच्या आगरी बोलीचं हेच झालं. एक आख्खी पिढी अलिबागच्या बाजारात ती बोलायला लाजत होती, आणि बाहेरच्यांनी गाण्यांतून ऐकायला सुरुवात केली तेव्हा भीड गेली.

चौलची सून

मी घरगुती जेवण देते, चार खोल्याही आहेत. म्हणून माझं मत धंद्याचं वाटेल, पण बोलते. खडपावरची ताई, पर्यटक गावात यायचाच थांबला तर तो मोठ्या रिसॉर्टमध्येच राहणार. बाहेरच्या माणसाची जागा, बाहेरचा आचारी, मासळी घाऊक बाजारातून. आमच्या कोळणीकडून दोन पापलेटंही घेतली जात नाहीत. माझ्याकडे राहणारा माणूस खातो ती तांदळाची भाकरी शेजारची वहिनी थापते, नारळ आमच्या वाडीतले.

थंडीत लोक पोपटीसाठी येतात. आधी मीही नुसतं जेवण वाढायचे. आता सांगते, दुपारपासून या. भांबुर्डीचा पाला सोबत जाऊन तोडायचा, मडक्यात थर लावायचे, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वरून परत पाला दाबून. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा. झालं का ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र झालं की काढायचं. एवढं सगळं सोबत केलेला माणूस रात्री डीजे लावा म्हणत नाही. हे मी अनुभवाने सांगते. वस्तीला त्रास देतो तो धावतपळत येणारा. राहणारा देत नाही.

अश्दोदकर

मी इस्रायलमध्ये राहतो. आजोबा अलिबागचे. आमच्याकडे अजून जुनी माणसं मराठीत बोलतात, इथे 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही निघत असे. १९४८ नंतर आमची बहुतेक घरं इकडे आली आणि कोकणात मोजकी उरली.

धागाकर्त्यांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट समजून घ्या. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जिथे समाज आटलाय तिथे हे दहा जमवणं ही खरी अडचण आहे. सिनेगॉग बघायला शंभर पर्यटक आले तरी त्यातून एक दहावा माणूस मिळत नाही. 'आमच्या येण्याने संस्कृती टिकेल' असं पर्यटकाने स्वतःला सांगू नये.

तरी याच. मलिदा कसा करतात ते कोणी मायेने सांगितलं तर ऐका. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं ताटात मांडून एलियाहू हानावीचं, म्हणजे आमच्या प्रेषित एलियाचं, नाव घेतात, मग ते ताट सगळ्यांत फिरतं. ते पोहे कोकणचेच आहेत, आमचे पूर्वज काही ते सोबत घेऊन आले नव्हते. फक्त शनिवारी येऊ नका, तो आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. सुट्टीचा दिवस म्हणून नेमकी त्याच दिवशी दार वाजवणारी माणसं असतात. आत डोकं झाकायचं, हे एवढं पुरे.

गडकोट

जंजिऱ्याबद्दल वेगळा मुद्दा. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलं की गाइड लोक तोफा आणि 'अजिंक्य' एवढंच सांगतात. समोरच पद्मदुर्ग दिसतो, तो शिवाजी महाराजांनी मुद्दाम याच सिद्दीला अडवायला बांधला, हे अर्ध्या वाक्यात उरकतात. संभाजी महाराजांनी समुद्रात बांध घालायला घेतला होता. सिद्द्यांनी किनाऱ्यावरच्या गावांवर काय अत्याचार केले तेही इतिहासात आहे. विविधता म्हणून सगळं गोड करून सांगू नका.

कुंडलिकाकाठ

गडकोट, गोड करायचं नाहीच. पण शत्रू होता म्हणून परका होता, हेही खरं नाही. मलिक अंबर हबशी, म्हणजे आफ्रिकेतूनच आलेला होता आणि निजामशाही त्याने तोलून धरली. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावणारा लाय पाटील कोळी होता. सिद्दीच्या बाजूलाही याच किनाऱ्याची माणसं लढली. पर्यटकाला हे सगळं सांगितलं तर त्याला भांडण कळेल, आणि भांडणारे शेजारी होते हेही कळेल. आज राजपुरीत होडी हाकणाऱ्याला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा जाब विचारणारे बघितलेत मी. ते मला तोफांच्या अर्धवट माहितीपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

गडकोट

होडीवाल्याला जाब विचारणं चूकच, त्यावर दुमत नाही. बाकी माझा मुद्दा कायम. पद्मदुर्गाचं नाव अर्ध्या वाक्यात नको.

खडपावरची

चौलची सून म्हणतात ते जेवणापुरतं पटलं. पोपटी ही त्यांनी स्वतः ठरवून, स्वतःच्या अंगणात, पैसे घेऊन दाखवलेली गोष्ट आहे. कोर्लईची आजी काही ठरवत नाही. तिला कोणी विचारतच नाही. धागाकर्ते 'विचारून आत शिरा' म्हणतात, पण विचारायचं कोणाला? घोळका दारात उभा असताना 'येऊ का' म्हटलं तर कोकणातली बाई नाही म्हणणार नाही, पाणी देईल. तो होकार नव्हे. तिची रीत आहे ती.

कुंडलिकाकाठ

हा मुद्दा मी धागा काढताना इतका नीट मांडला नव्हता, तुम्ही मांडलात. मग गावानेच ठरवावं. ग्रामपंचायत, चर्चची माणसं आणि मच्छीमार सोसायटी यांनी मिळून. कोणते दिवस यायचं, कुठपर्यंत यायचं, माहिती कोण सांगणार आणि त्याला किती द्यायचे. गावातलीच दोन पोरं तयार केली तर तो पैसा त्यांच्या घरात जाईल, आणि दारोदार मोबाईल धरणं बंद होईल.

खडपावरची

गाव ठरवेल त्याला माझी ना नाही. पण गावाने 'वस्तीत नको, किल्ल्यावर या' असं ठरवलं, तर तुम्ही हाच धागा त्यांच्या बाजूने काढाल का? मला आधी त्याचं उत्तर द्या.

कुंडलिकाकाठ

काढेन. वाईट वाटेल, पण काढेन. आणि किल्ल्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की आता सरळ चौलला जा, तिथल्या सुनेकडे जेवा.

चौलची सून

जेवायला अवश्य या, पण आदल्या दिवशी फोन करून. आयत्या वेळी पंधरा माणसं आली की मासळी बाहेरून आणावी लागते, आणि मग माझ्यात आणि रिसॉर्टमध्ये फरक राहत नाही.